यादीतले पाच तोळे

"पाटल्या एक जोड आणि बांगड्या चार, मिळून पाच तोळे," शिरवळकरबाईंनी वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे कुठं आहेत?"

मध्यस्थीसाठी कोर्टाने दिलेली ती खोली इतकी लहान होती की टेबलाभोवती पाच माणसं बसली की सहाव्याने दारात उभं राहायचं. दारात माझे वडील, अण्णा, उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते. टेबलाच्या एका बाजूला मी आणि माझ्या वकील शिरवळकरबाई, समोर माझा नवरा सुहास आणि त्याची आई. मधोमध मध्यस्थ, निवृत्तीला आलेले एक सावकाश बोलणारे वकील. सुहासने वकील लावला नव्हता. द्यायचंच आहे तर त्यासाठी आणखी फी कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

शिरवळकरबाईंच्या हातात आमच्या लग्नाची यादी होती. आमच्यात लग्नाआधी दोन्हीकडची कर्ती माणसं बसतात, कोणी काय घालायचं, काय करायचं ते लिहितात, कागदाच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावतात आणि सह्या करतात. ही अण्णांनी स्वतः लिहिलेली. अण्णा शिक्षण खात्यात हेडक्लार्क होते, त्यामुळे आमच्या यादीला अनुक्रमांक होते, समास होता आणि खाली एकूण बेरीज होती. मुलीच्या अंगावर सोनं, तोळे बारा. खाली अण्णांची सही, शेजारी सुहासच्या वडिलांची.

"सात तोळ्यांचा हिशेब लागतो," बाई म्हणाल्या. "हार, कानातलं आणि गोफ. ते फ्लॅट घेताना मोडलं, पावती आहे. हे पाच राहतात."

सुहासने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. त्याला खरंच माहीत नव्हतं. कोणाच्या हातात काय आहे हे नऊ वर्षांत त्याने कधी बघितलं नव्हतं, माझ्याही नाही.

"आई?" तो म्हणाला.

आत्या टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्यांनी एकदा दाराकडे, अण्णांकडे बघितलं. अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"हायत," आत्या म्हणाल्या. "देते मी."

सुहासची मान खाली गेली. आणि मला, खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. नऊ वर्षं ज्या गोष्टीबद्दल मी तोंडातून ब्र काढला नव्हता, ती या बाईने चारचौघांत कबूल केली होती.

कशासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते सांगते. आमचा नवरा-बायकोचा संसार संपला होता, त्याला कारण विचारलं तर माझी पंचाईत व्हायची. सुहास पीत नव्हता, मारत नव्हता, बाहेर काही नव्हतं. आम्हाला मूल झालं नाही, त्यावर आम्ही बोललो नाही. मग दुसऱ्या कशावरही बोललो नाही. तो एमआयडीसीतून यायचा, जेवायचा, टीव्ही लावायचा. मी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायचे आणि घरी येऊन भाजी चिरायचे. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, आपण सोडून देऊया का. तो म्हणाला, चालेल. चहा घेणार का विचारल्यावर म्हणतात ना, तसं.

सोडायचं ठरलं आणि तेव्हा कळलं की सोडता येत नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर. फ्लॅट सुहासने ठेवावा, कर्जही त्याने फेडावं, मला काही नको, फक्त माझं नाव काढा, एवढंच माझं मागणं होतं. बँकेतल्या साहेबांनी मला समोर बसवून फार गोडीने समजावलं. मॅडम, घटस्फोट कोर्ट देतं, आम्ही नाही. आमच्या दृष्टीने तुम्ही दोघं अजून एकच आहात. एकट्या साहेबांच्या पगारात एवढं कर्ज बसत नाही. साडेतीन लाख आधी भरा, मग बाकीचं त्यांच्या एकट्याच्या नावावर करून देतो. नाही भरलंत तर पुढची चौदा वर्षं दोघांच्या सह्या.

चौदा वर्षं. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. अर्धा हप्ता माझ्या पगारातून जायचा, उरलेल्यात भाड्याची खोली येत नव्हती. अण्णांकडे जावं तर घर त्यांनी दादाच्या नावावर केलेलं, वहिनीने आधीच विचारून घेतलं होतं की ताई किती दिवसांसाठी येणार आहेत. वर शिरवळकरबाईंचा सल्ला, निकाल लागेपर्यंत ताबा सोडू नका. म्हणून मी त्याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होते. एका खोलीत मी, एका खोलीत आत्या आणि हॉलमध्ये सुहास. मामा, म्हणजे माझे सासरे, वारल्यापासून आत्या आमच्याकडेच होत्या. बाथरूम एक. सकाळी बादली भरल्याचा आवाज आला की मी दाराआड थांबून ऐकायचे, आत कोण आहे ते. एकदा मी आणि सुहास एकदमच बाहेर आलो आणि दोघांनीही एकमेकांना सॉरी म्हटलं, ट्रेनच्या डब्यात म्हणावं तसं.

शिरवळकरबाईंनी मार्ग काढला तो असा: माझं स्त्रीधन सुहासने मला परत करायचं, पण माझ्या हातात न देता कर्जात भरायचं. तेव्हाच्या भावाने बारा तोळ्यांचे जवळजवळ साडेतीन लाख होत होते. सात तोळ्यांचे पैसे सुहासने फंडातून उचलून तयार ठेवले होते. पाच तोळे मिळाले की मी सुटले. नाही मिळाले, तर सही पुढची चौदा वर्षं.

आता त्या पाच तोळ्यांबद्दल. लग्नात माझ्या हातात मोराची नक्षी असलेल्या पाटल्या होत्या, मागे-पुढे एक-एक बांगडी. फोटोत आहेत. मांडवपरतणीला माहेरी गेले तेव्हा आईने त्या माझ्या हातातून काढल्या, म्हणाली, जोखमीचं आहे, मोठ्यांकडे ठेवायला देते. मी समजले मोठ्यांकडे म्हणजे सासूकडे. पुढच्या वर्षी आई गेली. मग विचारणार कोणाला? सणावाराला मला वाटायचं, आज आत्या कपाट उघडतील आणि म्हणतील, घाल गं तुझ्या पाटल्या. त्या कपाट उघडायच्या आणि पुरणाचं यंत्र काढायच्या. मी मागितल्या नाहीत. मागायला लागणं हाच मला अपमान वाटत होता. पण माझ्या वागण्यात ते सगळं होतं. त्यांच्या गुडघ्याला तेल लावून दिलं नाही मी कधी. त्यांनी वाढलेलं कधी चांगलं म्हटलं नाही.

तर कोर्टातल्या त्या खोलीतून त्या दिवशी आम्ही घरी आलो. सुहास आईला एकच वाक्य बोलला, "मला तरी सांगायचं होतंस." तो चप्पल घालून परत बाहेर गेला आणि त्यानंतर त्याने आईशी बोलणं टाकलं. ताट वाढून ठेवलेलं असायचं, तो बाहेरून खाऊन यायचा. मी बघत होते आणि मला, सांगायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर आत्या ओट्याशी उभ्या होत्या. ओट्यावर पांढऱ्या रुमालात दोन पाटल्या आणि हातातले दोन जाड गोठ. त्यांच्या हातांना साबण लागला होता आणि मनगटं लाल झाली होती.

"मोजून घे," त्या म्हणाल्या. "पाचाला गुंजभर जास्तीच भरतील."

मी पाटल्या उचलल्या. साध्या, झिजलेल्या, कडा गुळगुळीत झालेल्या. मामा गेल्यावर त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या गेल्या होत्या आणि या राहिल्या होत्या. रोज भाकरी थापताना मी त्या बघितल्या होत्या.

"या तुमच्या आहेत," मी म्हटलं. "माझ्या मोराच्या होत्या. त्या काय केल्या?"

"मोराच्या तुज्या मावशीच्या हुत्या."

"मावशीच्या?" मी म्हटलं.

"लगनापुरत्या आणल्या हुत्या तुज्या आईनं, बांगड्या बी. मावशीच्या हातात बघितल्या न्हाईस का कधी?"

बघितल्या होत्या. कितीदा तरी बघितल्या होत्या. दोघी बहिणींनी एकाच सराफाकडून एकसारख्या करून घेतल्या असतील, असं मी समजत होते. दुसरं काही माझ्या मनातही आलं नव्हतं, कारण अण्णांनी लिहिलं होतं, आणि अण्णांनी लिहिलेलं चुकीचं असू शकतं हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

आत्यांनी नळ बंद केला आणि स्टुलावर बसल्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. यादीच्या दिवशी मंडळी आत बसलेली असताना अण्णांनी मामांना बाहेर पडवीत बोलावून घेतलं. बारा कबूल केले होते, पण तयार सातच होते. दादाच्या इंजिनिअरिंगला त्याच महिन्यात पैसे भरावे लागले होते. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामा म्हणाले, लिहा बाराच, आत पाच पंच बसलेत, त्यांच्यापुढं कमी नको, दिवाळीला घाला. आणि दिवाळीला मामांनी विचारलं नाही, अण्णांनी काढलं नाही. चहा घेऊन बाहेर आलेल्या आत्यांनी हे ऐकलं होतं. मामांनी त्यांना बजावलं होतं की हे पोरीच्या कानावर कधी जाता कामा नये, तिला बापाबद्दल कमीपणा वाटेल.

"म्हणजे तुम्ही माझं काहीच ठेवून घेतलं नव्हतं," मी म्हटलं.

"न्हाई."

"मग तिथं का नाही सांगितलं?"

"तुजे अण्णा दारात उभे हुते."

मला एकदम खूप राग आला, कोणावर ते कळेना. मी म्हटलं, नऊ वर्षं मी तुम्हाला चोर समजत होते, एका शब्दाने सांगायचं होतं.

"समजत हुतीस ते मला कळत हुतं," आत्या म्हणाल्या. "कपाट उघडलं की मागं उभी ऱ्हायचीस. पर ह्यांनी शब्द दिलेला. आता ह्ये न्हाईत म्हणून मी मोडू व्हय?"

मी पाटल्या परत रुमालात ठेवल्या आणि रुमाल त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"ऐक चारू. मला लई मोठं मन हाय असं काय समजू नगंस. तू अडकलीस म्हंजे सुहास अडकला. आन् तुमच्या दोघांच्या मधी मी, ह्या खोलीत. चौदा वर्सं मी जगायची न्हाई. मला माज्या लेकाचं घर एकदा हासतं-बोलतं बघायचंय, मग ते दुसरीसंगं का हुईना. घे ह्ये आन् सूट."

"मग सुहासला तरी खरं सांगा. तो जेवत नाही तुमच्या हातचं."

"त्येला सांगितलं तर त्यो कोर्टात बोलल. त्यो गप बसणारा न्हाई, खऱ्यापुढं. मग तुजं कसं हुणार?"

त्यांनी लेकाचा राग मुकाट्याने अंगावर घेतला होता आणि त्यातून सुटण्याचा जो एक मार्ग होता, तोच माझ्या सुटण्याच्या आड येत होता.

संध्याकाळी मी अण्णांकडे गेले. वहिनी मंडईत गेली होती. अण्णा पेपर वाचत बसले होते. मी सरळच विचारलं, माझ्या पाटल्या कुठं आहेत. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"यादीत आहे," ते म्हणाले.

"यादीत आहे ते मी वाचलंय, अण्णा. हातात कधी आल्या होत्या?"

त्यांनी पेपरची घडी बोटाने दाबली. मग म्हणाले, "देणार होतो. दिवाळीला देणारच होतो. मग तुझ्या आईचं आजारपण निघालं."

मी म्हटलं, मग आता द्या. माझे पाच तोळे तुमच्याकडे आहेत, आत्यांकडे नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातातल्या काढून दिल्यात. अण्णा म्हणाले, आता मी कुठून आणू, पेन्शन तुला माहीत आहे, घर दादाच्या नावावर आहे, त्याला विचारलं तर सगळं सांगावं लागेल. त्याच्या शिक्षणापायी बहिणीच्या अंगावरचं गेलं हे त्याला कळलं तर तो काय म्हणेल. असं बरंच बोलले. शेवटी त्यांनी माझा हात धरला. अण्णा कधी कोणाचा हात धरणाऱ्यातले नव्हते.

"तू तिथं बोलणार आहेस का?" त्यांनी विचारलं.

ते घाबरले होते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस मला, स्वतःच्या मुलीला घाबरला होता. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मी म्हटलं, नाही बोलणार. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी पेपर परत उघडला.

घरी जायचं म्हणून मी स्टँडपर्यंत चालत आले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. कुठूनही विचार केला तरी कोणीतरी कोंडीत सापडत होतं. खरं बोलले तर अण्णा गेले, पाच तोळे गेले आणि मी चौदा वर्षं त्या फ्लॅटमध्ये. गप्प बसले तर आत्या त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या नजरेत चोर. पैसे उसने घ्यायचे म्हटलं तर माझ्या पगारावर आधीच कर्ज, दुसरं कोण देणार. तीन बस लागल्या आणि सुटल्या. चौथीत मी चढले आणि त्याच फ्लॅटवर परत गेले.

पाटल्या आणि गोठ सराफाकडे मीच घेऊन गेले. आत्या म्हणाल्या होत्या, सुहासच्या हातात देऊ नको, तो ओळखेल. मला त्याचं हसू आलं होतं, सुहास काय ओळखणार. पण मीच घेऊन गेले. सराफाने कसोटीवर घासलं, म्हणाला, जुनं सोनं आहे, असं हल्ली मिळत नाही, मोडू नका. मी म्हटलं, मोडायचंच आहे.

पैसे भरले. पाच आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं, कर्जातून माझं नाव कमी केल्याचं. त्याच आठवड्यात त्याच खोलीत शेवटच्या सह्या झाल्या. मध्यस्थांनी सगळा मजकूर वाचून दाखवला. स्त्रीधन बारा तोळे, पूर्णपणे परत मिळालं, कसलीही तक्रार उरलेली नाही. मग त्यांनी मला विचारलं, सगळं बरोबर आहे ना, कोणाच्या दबावाखाली सही करत नाही ना.

"नाही," मी म्हटलं आणि सही केली.

सुहासने सही केली आणि खुर्ची मागे सारून निघून गेला. आईसाठी थांबला नाही. रिक्षा बघतो असं दारातून म्हणाला, ते कोणालाच उद्देशून नव्हतं. आत्या हळूहळू पायऱ्या उतरत होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. मी त्यांच्या मागे आणि माझ्या मागे अण्णा. खाली पायरीपाशी अण्णा पुढे झाले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. निदान हात जोडेल.

त्यांनी हात जोडलेही. चेहरा शांत होता, कित्येक महिन्यांत इतका शांत बघितला नव्हता. मला वाटतं, सही झाली, कागद पुरा झाला, तेव्हा त्यांच्या मनातही तो हिशेब खरा झाला होता.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," अण्णा आत्यांना म्हणाले. "पण बघा, लिहून ठेवलेलं असलं की मागाहून वाद राहत नाही. देणं-घेणं स्वच्छ होतं."

आत्यांनी पदर सारखा केला.

"खरं हाय, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी दोघांच्या मध्ये उभी होते. तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं, आणि माझं नाव तर आता सुटलंही होतं, आता बोलून माझं काहीच जाणार नव्हतं. अण्णा आत्यांकडे बघत होते. आत्या रस्त्याकडे, सुहास कुठे दिसतो ते बघत होत्या. त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. वळल्या असत्या तर मी बोलले असते, असं मी स्वतःला सांगते. आता त्याला अकरा वर्षं होतील, अजून सांगते.